चिंचेखालचा काळा मुखवटा

तेरखेड्यात आपल्याइतका निधड्या छातीचा गडी नाही, असं महारुद्र आबा सांगत. म्हणजे, तेच एकटे सांगत. (फटाक्यांचं गाव, चाचणीचा बार कधी उडेल नेम नाही, म्हणून बारा महिने कानात कापूस, ते सोडा.)

शाळा तिसरीपर्यंत, पण खोड्यांत एम.ए. त्यात नात आरोहीनं मोबाईलवर एक सिनेमा दाखवला. काळ्या डगल्यातला मुखवटेवाला अंधारातून येतो, शहर थरथरतं आणि भ्यालेली माणसं, जो राखण करीन म्हणेल त्याच्या पायावर सगळी सत्ता घालतात. आबांनी मांडीवर थाप मारली. त्यांची बायको सत्यभामा सरपंचपदाला उभी होती आणि लढत अटीतटीची होती.

"आधी भेव पेरायचं, मग मतं कापायची!"

"आबा, त्यात शेवटी मुखवटेवाल्याचंच डोकं फिरतं."

"माझं कुठं सरळ हाय?"

फटाक्याच्या खोक्याचा पुठ्ठा, वर काजळी, चिकटवायला फटाक्याच्या कागदी नळ्यांची खळ. तिन्हीसांजेला घोंगडं पांघरून आबा फटाक्यांच्या कारखान्यामागच्या चिंचेखाली उभे राहिले. दारूच्या धाकानं तिकडं कुणी काडीसुद्धा ओढत नाही, अंधार आयता. पहिल्याच बाईनं किंकाळी फोडली. सकाळी गाव सत्यभामाच्या दारात: "काकू, आता तुमीच राखा!" आबा आत उशीत तोंड खुपसून हसले.

दुसऱ्या सांजेला मात्र कुणी ओरडलं नाही. किराणावाला सिद्धलिंग हळूच जवळ आला, हात जोडून पुटपुटला, "मला सोड. माझ्या भावाला दाव भेव." त्याच्यामागून आलेला शेजाऱ्याचं नाव सांगून गेला. आबांच्या पाठीवरून गार मुंगी चालली. (हीच माणसं रोज राम राम घालतात!)

तिसऱ्या सांजेला चिंचेखाली आधीच कुणीतरी उभं होतं. तसंच घोंगडं, तसाच मुखवटा.

"कोण हाय?"

खोडामागून दुसरा निघाला. मग बांधावरून एकामागं एक, नुसते काळे मुखवटे. वारा पडलेला, कुत्रंही भुंकेना. सगळे आबांकडं बघत एकेक पाऊल पुढं सरकले.

आबा पळाले ते थेट चुलीपाशी. मुखवटा ओढतात तर निघेना. घामानं भिजलेली खळ गालाला घट्ट बसलेली. "सत्ये, माझं तोंड गेलं गं!"

सत्यभामानं कोमट पाण्याच्या बोळ्यानं मुखवटा सोलला. निम्मी मिशी त्याच्यासंगं गेली.

"गावाचं डोकं फिरलंय! म्या तुझ्यासाठी भेव पेरलं, अन्..."

"कसलं भेव वो? मुखवट्याच्या दोन्ही अंगाला कापसाचे बोळे चमकत होते, पहिल्याच सांजेला वळखलं सगळ्यांनी. म्याच म्हणलं, भ्याल्यावाणी करा, म्हातारा तिथंच गुतू द्या, न्हायतर माझा प्रचार करायला निघंल. आज प्रचार संपला, म्हणून त्यांनाच मुखवटे घालाया लावून तुमाला हाकून आणलं!"