रविवारी रविवार असल्याबाबत

काम कोणीही करू शकतो. कामाची वेळ ठरवणं हे मात्र जबाबदारीचं काम आहे. ते अनुभवी माणसांकडेच सोपवावं लागतं, आणि अशी माणसं प्रत्यक्ष कामात अडकलेली नसावीत, एवढी एकच त्याची अट असते. आमच्या संघटनेची कार्यकारिणी ही अट स्थापनेपासून निष्ठेनं पाळत आली आहे.

मी गोरक्ष. नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीचा लिपिक आणि नगरपरिषद कर्मचारी संघटनेचा सरचिटणीस. (पगार पहिल्या कामाचा मिळतो, दमणूक दुसऱ्या कामाची होते.) आमचं गाव श्रीरामपूर आणि राहुरीच्या मधे कुठंतरी येतं. नाव सांगत नाही, कारण गावाचं नाव छापायचं तर वरिष्ठांची लेखी परवानगी लागते आणि वरिष्ठ दौऱ्यावर आहेत.

अध्यक्ष आबासाहेब, करवसुली विभाग. संघटनेवर त्यांचं इतकं प्रेम, की निवडणुकीत सदस्यांमध्ये कटुता येऊ नये म्हणून त्यांनी निवडणूकच घेतलेली नाही.

जादा कामाच्या भत्त्याचा प्रश्न आमच्याकडे लेटरहेडामुळे निघाला. जिल्ह्याचं नाव बदललं त्याच महिन्यात आमची पाच हजार लेटरहेडं जुन्या नावानं छापून आली होती. ती फेकणं म्हणजे वर्गणीचा अपव्यय, म्हणून जुन्या नावावर रेघ मारून नवं नाव हातानं लिहायचं ठरलं. हे काम कार्यालयीन वेळेत करणं शिस्तीला धरून नव्हतं आणि सुट्टीनंतर फुकट करणं स्वाभिमानाला धरून नव्हतं. सबब, भत्त्याची मागणी करण्यात आली. ती एकटी बरी दिसेना, म्हणून तिच्यासोबत आणखी वीस मागण्या जोडल्या.

मागणीपत्र मी स्वतः लिहिलं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. अंगठ्याच्या यंत्रानं सकाळी अंगठा ओळखला नाही तर तो यंत्राचा उशीर समजावा. जेवणाची सुट्टी पहिल्या घासापासून मोजावी, डबा उघडल्यापासून नव्हे. साखर कारखान्याचा भोंगा आणि कार्यालयाचं घड्याळ यांत फरक पडल्यास सकाळी जे मागे असेल ते आणि संध्याकाळी जे पुढे असेल ते ग्राह्य धरावं. अकरावी मागणी अशी, की रविवारी काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास दुप्पट भत्ता मिळावा.

नव्या मुख्याधिकारी मॅडम तरुण होत्या, म्हणजे वाटाघाटी लवकर संपतील असं समजणाऱ्या वयाच्या. पहिल्या बैठकीला आम्ही सकाळी अकराला गेलो. त्या म्हणाल्या, ही वेळ नागरिकांची आहे, सव्वासहानंतर या. आम्ही म्हणालो, सव्वासहानंतर आलो तर ते जादा काम होईल आणि जादा कामाचा भत्ता अजून ठरलेला नाही. त्या म्हणाल्या, तो ठरवायलाच तर बैठक आहे. आम्ही म्हणालो, मग बैठक भत्ता ठरल्यावर घेऊ. पहिल्या चार बैठका यात गेल्या. चहा मात्र चांगला होता, हे नमूद केलं पाहिजे.

अशा वेळी मरियमबाई माझ्या खिडकीशी आल्या.

मरियमबाई सफाई विभागात कायम कर्मचारी. वॉर्ड सातची झाडलोट त्यांच्याकडे. संघटनेच्या सदस्य माझ्याही आधीपासून. सभेला त्या मागच्या सतरंजीवर बसायच्या आणि सभा संपल्यावर सतरंजी झाडून घडी घालायच्या. (त्या कामाचा भत्ता आमच्या मागणीपत्रात राहून गेला.)

"गोरक्षभाऊ, येक काम हुतं," त्या म्हणाल्या.

"भत्त्याचं चाललंय, बाई. जोरात चाललंय."

"मला भत्ता नको. येक रविवार द्या. सकाळचं दोन तास."

त्यांची मुलगी जास्मिन पुण्याला असते. तिच्या मुलाचा, नॅथनचा, बाप्तिस्मा पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी, इथल्याच चर्चमध्ये, साडेआठच्या उपासनेत ठरला होता.

"आमच्या घरात आजीनं लेकरू उचलून पाळकसाहेबांच्या हातात द्यायचं, अशी रीत हाय," मरियमबाई म्हणाल्या. "जास्मिनला माझ्या आईनं दिल्तं. आता नॅथनला मी देनार. नवं लुगडं बी घेतलंय."

मला मनापासून बरं वाटलं. मी त्यांना घेऊन रजेचा अर्ज द्यायला आस्थापना विभागात गेलो. तिथं बिभीषण बसतो. नियमांचा एवढा जाणकार माणूस अख्ख्या जिल्ह्यात नसेल. घरीसुद्धा तो पाणी मागताना संदर्भ देतो म्हणतात. त्यानं अर्ज वाचला, तारीख पाहिली, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि अर्ज परत दिला.

"ही रजा मंजूर होत नाही. त्या दिवशी रविवार आहे."

"म्हनूनच तर मागतेय."

"रजा कामाच्या दिवशी घेतात, बाई. रविवार सार्वजनिक सुट्टी. जो माणूस सुट्टीवरच आहे त्याला सुट्टी कशी देणार?"

"मंग म्या त्या दिवशी येत न्हाई."

"मग गैरहजेरी लागेल."

"सुट्टीच्या दिवशी?"

"रजेला सुट्टीचा दिवस. हजेरीला कामाचा. सफाईला रविवार लागू होत नाही, तुमची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी." बिभीषण हे अतिशय प्रेमानं सांगत होता. "निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत. आता विनापरवानगी गैरहजेरी लागली तर पेन्शनच्या कागदाला उगाच लफडं होईल. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

मरियमबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं पाहिलं. "म्हंजी रविवार हाय का न्हाई?"

"कुठल्या रजिस्टरात?" बिभीषणनं विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. मला वाईट वाटलं, पण एक लिपिक म्हणून मी मनातल्या मनात त्याला दादही दिली.

प्रकरण संघटनेकडं आलं. आबासाहेबांनी तातडीची बैठक बोलावली (कार्यालयीन वेळेत, कारण तातडी होती). अन्याय झालाय यावर सगळ्यांचं एकमत झालं. निषेध झाला. बाप्तिस्मा मंगळवारी ठेवायला पाळकसाहेबांची हरकत नसावी, असंही एकानं सुचवलं. मी ठराव लिहायला घेतला, की श्रीमती मरियम यांना रविवारी सकाळची सवलत मिळावी. तेवढ्यात आबासाहेबांनी माझा पेन धरला.

"थांब गोरक्ष. आपल्याकडं रविवारी कामाला येतं कोण?"

मी आठवून पाहिलं. कार्यालयाला पाच दिवसांचा आठवडा. पाणीपुरवठा ठेकेदाराकडं, दिवाबत्ती ठेकेदाराकडं, बाकीच्या वॉर्डांची झाडलोटही ठेकेदाराकडं. कायम कर्मचाऱ्यांत रविवारी कामाला येणारं माणूस एकच.

"मरियमबाई," मी म्हणालो.

"मग ती बाई बसली उपासनेला, तर अकरावी मागणी लावून धरायची कुणाच्या जिवावर? उद्या मॅडम म्हणतील, रविवारी कुणी कामच करत न्हाई, दुप्पट भत्ता कशाचा देऊ? अरे, आपला सगळा लढा त्या बाईच्या खराट्यावर उभा हाय!"

इतकी वर्षं आम्ही जिला सतरंजीवर बसवत आलो ती बाई आमच्या लढ्याचा कणा निघाली होती, आणि कणा दोन तासांसाठीसुद्धा बाजूला काढून ठेवता येत नाही. तिच्या हितासाठीच तिनं रविवारी काम करणं भाग होतं. ठरावात मी "सवलत मिळावी" याऐवजी "सवलतीबाबत योग्य वेळी योग्य विचार व्हावा" असं लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी जरा बिघडलं होतं, पण ठराव एकमतानं मंजूर झाला.

मात्र मुख्याधिकारी मॅडमना अजून अनुभव नव्हता. त्यांनी मरियमबाईंचं म्हणणं परस्पर ऐकलं आणि दोन दिवसांत तोडगा काढला. एका रविवारची रजा देता येत नसेल तर रविवारचं वेळापत्रकच बदलू. वॉर्ड सातची झाडलोट दर रविवारी सकाळी सहाऐवजी दुपारी एकनंतर होईल. नियमाप्रमाणे नागरिकांच्या हरकती मागवू, त्या आल्या नाहीत की आदेश काढू.

मरियमबाई माझ्यासाठी नानकटाई घेऊन आल्या. त्यांना वाटलं, हे संघटनेनं केलं. मी ती खाल्ली. "आता दर रविवारी पहिल्या गाण्यापासनं बसता येईल बगा," त्या म्हणाल्या. "आजवर म्या पोचायची तवर शेवटचा आशीर्वाद हुऊन लोक चपला घालाया लागल्याली असायची."

कार्यकारिणीवर अवकळा आली. उघड विरोध करता येईना, कारण कर्मचाऱ्यांच्या सवलतींसाठी लढणारी संघटना म्हणून गावात आमचं नाव होतं. शेवटी आबासाहेब म्हणाले, आपण जनतेवर विश्वास ठेवू. आम्ही ठेवला. जनतेनं तो सार्थ ठरवला.

नोटीस फलकावर लागली तेव्हा ती कोणी वाचली नाही. पण वॉर्ड सातमधल्या एका गृहस्थांनी तिचा फोटो 'सुज्ञ नागरिक' नावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "रविवारी सकाळी आपल्या दारात कचरा का? सहमत असल्यास अंगठा द्या." दुपारपर्यंत अंगठ्यांची रांग लागली. मग रीतसर हरकती आल्या. एकानं लिहिलं, की आपला सर्व धर्मांबद्दल आदर आहे, फक्त तो सकाळची झाडलोट उरकल्यावर सुरू व्हावा. एका ताईंनी लिहिलं, की रविवारीच पाहुणे येतात आणि उसाच्या ट्रॅक्टरमधून पडलेलं पाचट दारात बघून त्यांचा गैरसमज होतो. एका निवृत्त गृहस्थांना सफाई कर्मचाऱ्यांविषयी इतका जिव्हाळा होता, की सकाळी त्या दिसल्या नाहीत तर आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं होईल, असं त्यांनी कळवलं. मॅडमनी सगळ्या हरकती दोनदा वाचल्या आणि प्रस्ताव दप्तरी दाखल केला. त्यांना आता अनुभव आला होता.

बाप्तिस्म्याच्या रविवारी आबासाहेबांनी मला वॉर्ड सातमध्ये पाठवलं. अकराव्या मागणीला पुरावा हवा होता, वेळ आणि ठिकाण छापून येणारा फोटो. चर्चची गल्ली मरियमबाईंच्याच हद्दीत येते. मी गेलो तेव्हा त्या चर्चच्या फाटकासमोर झाडत होत्या. अंगात नगरपरिषदेचा कोट होता आणि कोटाखाली नवं लुगडं होतं, निऱ्या वर खोचलेल्या. आतून गाणं ऐकू येत होतं.

"लेकरू कोण देणार?" मी विचारलं.

"जास्मिनची सासू," त्या म्हणाल्या. "पाळकसाहेब म्हनले, पुढच्या रविवारी ठेवू का. म्या म्हनलं, पुढचा रविवार बी रविवारच हाय."

गाणं थांबलं. आत कोणीतरी बोलायला लागलं, आणि मग एकदम तान्ह्या पोराचं रडणं ऐकू आलं. मरियमबाईंचा खराटा थांबला. मला लाज वाटली. खरोखर वाटली. खराटा हातात घ्यावा आणि बाईंना आत पाठवावं, असंही मनात येऊन गेलं. पण मी जन्म-मृत्यू विभागाचा. सफाई विभागाचं काम माझ्या कर्तव्यसूचीत येत नाही. शिवाय मी झाडलं असतं तर फोटो कोणी काढला असता?

मी मोबाईल वर धरला. "बाई, जरा खराटा चालू ठेवा."

त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि झाडायला लागल्या. मी फोटो काढला.

"चांगला आला का?" त्यांनी विचारलं.

"वेळ स्पष्ट आलीय," मी म्हणालो.

त्या फोटोनं आम्ही जिंकलो. अकरावी मागणी मान्य झाली. रविवारच्या कामासाठी उपस्थित राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना आता दुप्पट भत्ता मिळतो. मरियमबाईंना मिळत नाही, कारण बिभीषणच्या अभिप्रायानुसार त्यांचा रविवार हा नेहमीचा कामाचा दिवस आहे. आमचा मात्र सुट्टीचा आहे. त्यामुळं दर रविवारी आबासाहेब, मी, बिभीषण आणि अंगठ्याच्या यंत्राचा ऑपरेटर असे चौघं त्यांच्या कामावर देखरेख करायला हजर राहतो. झाडणारं माणूस एक आणि बघणारे चार, हे प्रमाण सेवेच्या दर्जाच्या दृष्टीनं उत्तम मानलं जातं. परवा मरियमबाईंनी विचारलं, "तुमी चौघं रिकामंच हाय, तर दोन तास जाऊ का चर्चमधी?" आम्ही त्यांना समजावलं, की त्या गेल्या तर आम्ही देखरेख कशावर करायची? बाईंना ते पटलं असावं. त्या पुन्हा झाडायला लागल्या.

कार्यकारिणीच्या मागच्या बैठकीत वॉर्ड सातच्या नागरिकांच्या आभाराचा ठराव झाला. त्यात अंगठा देणाऱ्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं आहे, आणि म्हणूनच हे सगळं तुम्हाला कळवतो आहे. तुम्ही म्हणाल, मी त्या गावचा नाही. ठीक आहे, पण कुठल्यातरी ग्रुपवर, चहा पिता पिता, दारातल्या कचऱ्याचा मेसेज तुम्हालाही आला होता, तो तुम्ही अर्धाच वाचला होता आणि अंगठा पूर्ण दिला होता. बाई कोण, तिनं काय मागितलं होतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं, असं तुम्ही मनाशी म्हणालात, तर आमच्या ठरावाची भाषा तुम्हाला आत्ताच जमायला लागली आहे.

तेव्हा संकोच करू नका. रविवारी सकाळी आम्ही चौघं तुमच्याच दारासमोर खुर्च्या टाकून बसलेले असतो. बाहेर या, पाचवी खुर्ची ठेवली आहे. फक्त मरियमबाई झाडत जवळ आल्या, की पाय तेवढे वर घ्या.