डबीच्या कपाळी

‘कोणीही, कोणाच्याही मदतीविना, पाच मिनिटांत हे उपकरण सुरू करू शकेल!’ असे खोक्यावर छापले आहे. हयातभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या हाती असले विधान पडू नये. ‘कोणीही’ हे पद एका अपवादाने कोसळते. तो अपवाद मी होतो!

इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारी ही काळी डबी मी परस्परविरोधी अभिप्रायांचे ढीग उपसून निवडली होती. मार्गळी महिन्यातला चेन्नईचा संगीतोत्सव भरात होता. माझी नात कोदै हिची पहिली मैफल दुपारी चारला थेट दाखवणार होते. आणि तिला ‘सा’ लावायला शिकवणारी माझी अम्मा पाय प्लॅस्टरमध्ये घालून मैलापूरच्या आमच्या घरी टीव्हीसमोर बसली होती. पूजेवाचून आमच्याकडे नवी वस्तू चालू होत नाही. राहुकाळ टाळून तेवढे अम्माने सकाळीच उरकले होते.

मी वायर जोडली. पडद्यावर उमटले, ‘भाषा निवडा.’ रिमोट दाबला. डबी ढिम्म!

“सेल बदला,” माझी पत्नी अलमेलू म्हणाली.

“बदलले.”

“सुलटे घातलेत ना?”

“अलमेलू, मी प्राध्यापक आहे!”

“म्हणूनच विचारतेय.”

“चीनू,” अम्मा म्हणाली, “पोरगी गाऊन घरी आली की लावणार आहेस का?”

चार वाजत आले होते. मी कंपनीला फोन लावला आणि त्यांच्या विधानाचे खंडन ऐकवू लागलो. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, डबीच्या पुढची छोटी काच रिमोटकडे वळवा.”

“काच? तुम्ही ती बसवलेलीच नाही! इथे फक्त चंदनाचा गोल आहे, त्यावर कुंकू, आणि...”

ते वाक्य पुरे करण्याचे धैर्य मला झाले नाही. अलमेलूने पदराने डबीचे कपाळ पुसले. खाली काच होती! संतापाची गोष्ट अशी, की पुढचे सारे खरोखरच पाच मिनिटांत आटोपले.

कोदैने षड्ज लावला. अम्माचा हात धडधाकट मांडीवर ताल धरू लागला, डोळे वाहू लागले. चष्म्याविना काचेचा इतका अचूक मध्य साधणाऱ्या तिच्या बोटाला मला मनोमन दाद द्यावीच लागली.

तरीही मैफल संपल्यावर मी जाब विचारलाच. अम्माचा कबुलीजबाब शब्दशः देतो:

“काच दिसली होती रे मला. म्हटलं, काय गुणाची माणसं! डबी बनवताना टिळ्याची जागासुद्धा आखून ठेवलीय!”