नगराळे मामांची फर्याद

जेवायला आलेल्यानं जेवणाला नावं ठेवली नाहीत, तर नगराळे मामांचं डोकं फिरायचं. आणि ते जेवण रांधणारी मी! म्हणजे बघा, माझी काय दशा होत असेल.

आदिलाबादच्या आमच्या बुद्धविहारात दुपारी घरदार नसलेले लोक यायचे. कुणी बसस्टँडवर राहणारे, कुणी पुलाखाली. अंघोळ करायची, वरण-भाकर खायची, ऊन उतरेपर्यंत पंख्याखाली पडायचं. हे सगळं मामांनीच सुरू केलेलं. उभा जन्म तहसील कचेरीत गेलेला, त्यामुळे पंगतीसमोर उभं राहून हुकूम सोडायचे, "फर्याद पेश करा!"

म्हणजे, वरणात काय बिघडलं ते सांगा.

"पानचट हाय," कुणी म्हणालं की मामा खूश. "शाब्बास! घरचा मानूस नावं ठेवते. पाहुना नुसता हात जोडते. आयकलं का, पोरी?" ही पोरी म्हणजे मी, पन्नाशीची! मी पळी आपटायची.

एक राजय्या मात्र दाद देईना. तेलुगू म्हातारा, चार महिने रोज येत होता, पण बसायचा दाराशीच, कधीही उठून जाता येईल असा. काहीही विचारा, एकच उत्तर, "बागुंदि." छान आहे. मी त्या शब्दावर दिवस काढायची. मामांना तो झोंबायचा.

एकदा माझी पाठ वळली आणि मामांनी वरणात मूठभर मीठ टाकलं. अख्खी पंगत ओरडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राजय्या दोन तांबे पाणी प्यायला, हात जोडले, "बागुंदि."

मामा मटकन खाली बसले. "मीठ मीच टाकलं, पोरी. पन याले अजून वाटते, बोललो तर हाकलतीन." आवाज इतका पडलेला, की भांडायचं सोडून मी वरणात पाणी ओतायला लागले.

पुढच्या आठवड्यात मामा तापानं पडले. तीन दिवस विहारात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी राजय्यानं ताट सरकवलं आणि खुणेनंच विचारलं, कुठं आहेत? त्याला घेऊन मी गावालगतच्या मावल्यात मामांच्या घरी गेले.

मामी जाऊन सहा वर्षं झालेली. चूल थंड. मामा खाटेवर एकटेच कण्हत होते. मी कपाळावर पट्टी ठेवेस्तोवर राजय्या, न विचारता, आत शिरला आणि तांदळाची पेज करून घेऊन आला.

मामांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "मीठ काऊन नाही यात?"

"बुखार में नमक नक्को!" राजय्या कडाडला. चार महिन्यांत त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "चुप पीव!"

मामांनी मुकाट्यानं वाटी तोंडाला लावली. डोळे भरून वाहत होते.

"पोरी," ते म्हणाले, "सहा वर्सांत कोनी रागावलंच नव्हतं मले."