कोऱ्या भिंतीचा जिल्हा

ज्या जिल्ह्याच्या विश्रामगृहात एखाद्या मेलेल्या जनावराचे डोके भिंतीवरून पाहुण्यांकडे पाहत नाही, तो जिल्हा राजपत्रात कितीही ठळक छापला गेला तरी खऱ्या अर्थाने जिल्हा होत नाही.

नवा जिल्हा जाहीर झाला त्याच वर्षी दुष्काळही जाहीर झाला. (दोहोंपैकी दुष्काळाची अंमलबजावणी अधिक काटेकोर झाली.) कचेरी आली, पाटी आली, विश्रामगृह उभे राहिले, पण दिवाणखान्याची भिंत कोरी. जिल्हा वन्यजीव संरक्षण व गौरव समितीचे मानद चिटणीस आप्पासाहेब यांना त्या भिंतीकडे पाहून अन्न गोड लागेना. जुन्या जिल्ह्याच्या विश्रामगृहात निजामी अमदानीतला वाघ होता. त्याचा एक कान कसरीने खाल्ला होता. पण उरलेल्या कानात केवढा रुबाब!

आप्पासाहेबांचे प्राणिमात्रांवर निस्सीम प्रेम होते. माणूस जे डोळे भरून पाहतो त्याचीच कदर करतो, असा त्यांचा सिद्धांत. जिवंत हरीण माणसाला पाहताच पळते, म्हणजे स्वतःची कदर होऊ देत नाही. पेंढा भरलेले हरीण मात्र तासन् तास थांबते. तेव्हा समस्त हरणांच्या संरक्षणासाठी एका हरणाने थांबणे अगत्याचे होते.

शिकारीला कायद्याने बंदी होती, आणि आप्पासाहेब कायदा मोडणाऱ्यांपैकी नव्हते. ते कायदा वाचणाऱ्यांपैकी होते. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेले जनावर परवानगीने मारता येते आणि त्याची शिंगे सरकारजमा होतात, हे कलम वाचून त्यांना गहिवरून आले. विश्रामगृह सरकारी, भिंत सरकारी. कायद्याने जणू खिळादेखील ठोकून ठेवला होता.

मुरुडच्या पलीकडे खडकवस्तीच्या माळावर एक काळवीट होते. एकांडे, देखणे, पिळदार शिंगांचे. ते धोकादायक कसे, हे सिद्ध करायला आप्पासाहेबांना फारसे कष्ट पडले नाहीत. वस्तीतल्या सरजाबाईंनी झऱ्यावर वाटी-वाटीने भरलेल्या बादलीत त्याने तोंड घातले, अशी त्यांची तक्रार होतीच. पाण्यावाचून माणूस मरतो. काळवीट माणसाचे पाणी प्याले. अर्थात त्याने माणूस मारण्यास प्रारंभ केला होता.

परवाना वरून यायचा होता, आणि वरून काहीही यायला वेळ लागतो. (पाऊस हे एकच उदाहरण नव्हे.) तोवर जनावर तहानेने मेले तर? तहानेने मेलेल्या जनावरापासून कोणालाही धोका उरत नाही. शिवाय त्याचे कातडे विटते. म्हणून समितीने काळविटाच्या नावे पाण्याचा टँकर मंजूर करून आणला. खडकवस्तीनेही टँकर मागितला होता. पण ती ज्या गावात मोडत होती तिथे विहीर असल्याची नोंद होती. (विहिरीत पाणी असल्याची नोंद नव्हती, तसा रकानाच नव्हता.) काळवीट सुदैवाने कोणत्याच गावात मोडत नव्हते.

माळावर सिमेंटचा हौद बांधला गेला. ‘पाणी फक्त वन्यप्राण्यांसाठी’ अशी पाटी लागली. काळवीट सकाळी यायचे, चार घोट प्यायचे आणि निघून जायचे. उरले ते उष्टे, आणि उष्ट्यावर बंदी घालणारे कलम आप्पासाहेबांनाही सापडले नाही. खडकवस्ती ही बौद्ध वस्ती. तिथल्या सरजाबाईंची घागर आणि गावातल्या नरसिंग पाटलांची घागर पिढ्यान् पिढ्या एका पाणवठ्यावर टेकली नव्हती. हरणाच्या उष्ट्यापाशी दोन्ही एका रांगेत आल्या. (समता हे समितीच्या उद्दिष्टांत नसल्याने तिने श्रेय घेतले नाही.)

मग खरे संरक्षण सुरू झाले. काळवीट आहे तोवर टँकर आहे, हे सगळ्यांना कळले. कुत्री बांधली गेली. पाटलांनी बैलांच्या तोंडचा कडबा त्याच्यासाठी माळावर टाकला, आणि सरजाबाईंनी ते हातातून भाकरी खाईपर्यंत त्याची भीड मोडली.

अखेर परवाना आला. उदगीरचे अडत व्यापारी आणि नामांकित नेमबाज गुरुपादप्पा बंदूक घेऊन आप्पासाहेबांसह जीपमधून उतरले. हौदापाशी माणसे गोळा झाली.

“सायेब, म्या तक्रार मागं घेते,” सरजाबाई म्हणाल्या. “प्यालं तर प्यालं. लेकरू समजून सोडलं त्याला.”

“बाई, तक्रार तुमची होती. धोका आता सरकारी झाला. तो तुम्हाला मागे घेता येणार नाही.”

“अन् ह्याला मारल्यावर टँकर?” पाटलांनी विचारले.

“लाभार्थीच हयात नसेल तर टँकर पाठवायचा कोणासाठी?”

“आमी हाव की हितं!”

“पाटील, तुम्ही वन्यप्राणी नाही,” आप्पासाहेब हळुवारपणे म्हणाले.

“मग घ्या की त्येच्यात!” सरजाबाई तडकल्या. “आमी बी लई धोक्याच्या हाव. शिंगं तेवढी दिसंनात, म्हणून न्हाईत व्हय?”

“अय्यो! आप्पासाहेब, आधी या बाईचा परवाना काढा,” गुरुपादप्पा खो खो हसले.

पाटलांनी हात जोडले. “पाऊस पडंस्तोवर तरी थांबा, सायेब.”

आप्पासाहेबांना या विनंतीतला तर्कदोष तत्काळ दिसला. पाऊस पडला की माळावर पाणी होईल, काळवीट कोणाच्या बादलीकडे फिरकणार नाही, आणि धोका संपेल. निर्दोष जनावराला गोळी घालणे हा गुन्हा होता, आणि गुन्हा आप्पासाहेबांच्या हातून घडणे शक्य नव्हते. थांबणे बेकायदेशीर ठरले असते.

एवढ्यात काळवीट आले. रानातले कोणतेही शहाणे जनावर एवढी गर्दी पाहून पळाले असते. हे आले ते सरळ सरजाबाईंकडे.

“हाड! पळ रं मुडद्या, पळ!” त्यांनी दगड उचलून भिरकावला. दगड पाठीला लागला. काळवीट दोन पावले सरकले आणि भाकरीची वाट पाहत उभे राहिले.

गुरुपादप्पांना नेम धरायलाही सवड सापडली.

टँकर त्याच दिवशी बंद झाला. (जिल्हा नवा असूनही ही तत्परता वाखाणण्याजोगी आहे.) हौद कोरडा पडला, गावाची रांग गावात गेली, वस्तीची वस्तीत. सरजाबाई पुन्हा वाटी घेऊन झऱ्यावर बसल्या. झऱ्याने तोवर पाणी देणे सोडले होते.

विश्रामगृहाची भिंत भरली, वर्तमानपत्रांत बातमी छापून आली आणि राज्यभरातून पत्रांचा पाऊस पडला. काहींनी कविता केल्या, दोन शहरांत शोकसभा झाल्या. एवढ्या पत्रांत खडकवस्ती काय पिते, अशी पृच्छा कोणी केली नाही. आप्पासाहेब कृतार्थ झाले: वन्यजीवांची कदर जनमानसात रुजली होती. बहुतेक पत्रांत एकच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर ते प्रत्येकाला स्वहस्ते धाडीत. गोळीचा आवाज झाला तेव्हा, सहृदय वाचकहो, आपल्याही मनात तोच प्रश्न आला असेल, म्हणून ते उत्तर येथेही देतो: गोळी पहिल्याच फटक्यात वर्मी लागली. काळविटाला मुळीच त्रास झाला नाही. निश्चिंत असावे.