बहात्तर तासांची रंगीत तालीम

बुधवारी सकाळी बरोबर सहा वाजता भरमाने मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढला, नळाचा कॉक बंद केला, घरातले तिन्ही मोबाईल बंद करून ज्वारीच्या डब्यावर ठेवले आणि दाराला आतून कडी घातली. मग त्याने जाहीर केलं की आता बहात्तर तास या घराचा बाहेरच्या जगाशी काडीचाही संबंध नाही. बाहेरच्या जगाला हे कळवावं असं मात्र त्याला वाटलं नाही.

घर खासबागेतल्या विणकरांच्या गल्लीत. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या दोन खोल्यांत भरमा, बायको भाग्यलक्ष्मी, बी.कॉम.ला असलेली मुलगी रक्षा आणि भरमाची आई यशोदाबाई. गेले चार महिने भरमा रोज मोबाईलवर एका दाढीवाल्या माणसाचे व्हिडिओ बघत होता. हा माणूस जंगलात उभा राहून हिंदीतून सांगायचा की पूर, भूकंप, काहीही होवो, प्रत्येक कुटुंबाला तीन दिवस स्वतःच्या बळावर काढता आले पाहिजेत, कोणाची मदत येणार नाही असं धरूनच चाला. बाकीचे लोक हे ऐकून घाबरत असतील. भरमाला धीर आला. मदत येणार नाही ही त्याची भीती नव्हतीच. मदत येईल, याची होती.

कारण मदत म्हणजे शेजारचा गुंडू. सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी गल्लीत घुसलं आणि सगळ्यांना शाळेच्या इमारतीत हलवावं लागलं. भरमा तेव्हा टायफॉईडने अंथरुणात होता. गुंडूने त्याला पाठीवर घेतला, वरून प्लॅस्टिकची खोळ टाकली आणि शाळेत नेऊन पोचवला. एवढ्यावर थांबला असता तर गुंडू देवमाणूस ठरला असता. पण त्यानंतर गल्लीतल्या एकाही लग्नात, बारशात, साखरपुड्यात त्याने ही हकीकत सांगायची सोडली नाही. "छातीएवढं पाणी, वर पाऊस, पाठीवर हे पोतं," असं म्हणून तो भरमाकडे बोट करायचा आणि मंडळी भरमाकडे बघायची. भरमाला हसून मान हलवावी लागायची. खोळीत तोंड आणि अंगात ताप, खरंखोटं करणार कसं? आणि ज्याने जीव वाचवला त्याला, तुझी स्कूटर माझ्या पायरीला का लावतोस, असंही विचारता येत नाही. सहा वर्षं त्याने विचारलं नव्हतं. पुन्हा कधी संकट आलंच, तर गुंडूचं बोटसुद्धा लागता कामा नये, एवढीच त्याची तयारीमागची प्रेरणा होती.

तयारी मात्र कसून केली होती, हे मान्य केलं पाहिजे. दोन निळी पिंपं, पोतंभर तांदूळ, रवा, गुळाच्या ढेपा, मेणबत्त्या, बॅटऱ्या. भाग्यलक्ष्मीची झोपायची जागा पिंपांनी खाल्ली तेव्हा तिने स्पष्ट सांगितलं की ही तीन दिवसांची परीक्षा पास झालात तर ठेवा, नाहीतर सगळं पहिल्या गाडीने बाहेर. शेवटचं सामान भरमाने आदल्या दिवशी एकाच फेरीत रिक्षातून आणलं. दाढीवाल्याची यादीच तशी होती. आजारी माणसाला हलवायला घरचं स्ट्रेचर हवं, म्हणून दोन लांब कळकाचे बांबू आणि सुंभाची दोरी. पाणी गाळायला मडकी तीन, वाळू आणि कोळसा. जखमा बांधायला पांढरं कापड पाच मीटर. आणि गॅस संपला तर जळण म्हणून शंभर शेणी.

रिक्षातून हे सगळं उतरताना गल्लीने बघितलं. गुंडूच्या बायकोने विचारलंही, हे कशाला? शेजाऱ्यांना तयारीचा पत्ता लागू देऊ नका, कारण वेळ आली की तेच पहिल्यांदा मागायला येतात, असं व्हिडिओत बजावलेलं होतं. म्हणून भरमाने चेहरा शक्य तितका लांब केला आणि म्हणाला, "लागंल आता. वेळ काय सांगून येत न्हाय." दूधवाल्याला त्याने त्याच चेहऱ्याने सांगितलं की तीन दिवस दूध घालू नको.

यशोदाबाई रोज साडेसहाला पायरीवर येऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत. त्या दिवशी पायरी रिकामी राहिली. साडेसात झाले तरी घरातून मागाचा आवाज नाही, कुकरची शिट्टी नाही. गुंडूने कडी वाजवली. आत भरमाने तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. भाग्यलक्ष्मी कोळसा फोडत होती, त्याची पूड नाकात गेली होती, तिला नाक ओढल्याशिवाय राहवलं नाही. बाहेर गुंडूला तेवढंच ऐकू आलं.

कळक, सुंभ, मडकी, पांढरं कापड, शेणी, तीन दिवस दूध नको, आणि आता हा हुंदका. गुंडू काही अगदीच मंद नव्हता. त्याने टोपी काढली, घरी गेला, भरमाच्या नातेवाइकांना फोन लावले आणि आपले चारही माग बंद केले. या गल्लीत कुणी गेलं की प्रेत हलेपर्यंत माग चालवत नाहीत, लग्नाच्या साड्यांची कितीही घाई असली तरी. पाचदहा मिनिटांत एकेक घर थंडावत गेलं आणि सगळी गल्ली चिडीचूप झाली.

आत भरमाला आनंद आवरेना. "करंट गेला बघ," तो बायकोला म्हणाला, "सगळ्या गल्लीचा गेला. आपल्याला काय फरक पडला का?" भाग्यलक्ष्मीने सांगितलं की आपला तुम्हीच सकाळी घालवलाय, आता आणि काय फरक पडणार. मग तिने सगळ्यांना भिजवलेले पोहे आणि गूळ वाढला.

दहाच्या सुमाराला दाराबाहेर पायांचे आवाज वाढू लागले. कुजबुज ऐकू येत होती. भरमा दाराला कान लावून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "चार तास झाले न्हाईत, आले बघ मागायला." दाढीवाल्या माणसाबद्दलचा त्याचा आदर दुप्पट झाला. एवढ्यात बाहेर एक जीप थांबली आणि पाठोपाठ बाईमाणसाचा मोठ्याने रडण्याचा आवाज आला. रक्षाने खिडकीच्या फटीतून बघितलं. निपाणीची आत्या, म्हणजे भरमाची बहीण इंदुताई, दोघींच्या आधाराने जीपमधून उतरत होती. पुरुषमंडळी डोक्याला टॉवेल गुंडाळून कडेला बसली होती. रक्षा खिडकीपासून वळली तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"आप्पा, आजी गेली म्हणत्यात."

"कुठं?" यशोदाबाईंनी पोहे खाता खाता विचारलं. रक्षाने बोट वर केलं. यशोदाबाईंचा घास क्षणभर थांबला, मग त्यांनी तो शांतपणे गिळला.

भरमा कात्रीत सापडला. दार उघडावं तर बहात्तर तासांची तालीम चार तासांत संपली, पिंपं बाहेर, आणि गुंडूला आयुष्यभर पुरेल असा नवा किस्सा. न उघडावं तर बहीण रडून रडून पडायची. शेवटी बहिणीची माया जिंकली आणि त्याने कडीला हात घातला. तो हात यशोदाबाईंनीच धरला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या, "बोलू दे त्यास्नी."

त्यांनी स्टूल ओढून दाराशी घेतलं आणि कान टेकला. दोष देता येणार नाही. आपल्यामागे लोक काय बोलतात हे ऐकायची संधी कितीजणांना मिळते? चार वर्षं त्यांच्याशी अबोला धरलेली कोपऱ्यावरची बाई सांगत होती की असलं माणूस पुन्हा होणे नाही. त्यावर यशोदाबाई एवढंच पुटपुटल्या की खोटं बोलत्या. त्यांनी कोणाची बाळंतपणं केली, कोणाला तुटलेला धागा कसा जोडायचा ते शिकवलं, हे निघालं तेव्हा मात्र त्यांनी पदर डोळ्याला लावला. भरमालाही भरून आलं. आईची एवढी किंमत गल्लीला आहे हे त्याला माहीत नव्हतं.

मग कोणीतरी म्हणालं की कडी तोडूया, आत सगळी एकदम कोसळली असतील. त्याला गुंडूने थांबवलं. तो पायरीवर येऊन बसला, दाराला डोकं टेकलं. मध्ये फक्त एक फळी होती, एका बाजूला गुंडूचं डोकं, दुसऱ्या बाजूला यशोदाबाईंचा कान.

"काकू," गुंडू रडत म्हणाला, "तुमच्यासमोर बोलायचं धाडस कधी झालं न्हाय. त्या पुरात तुम्ही माझ्या बाजूनंच चालत हुता. पाणी छातीला न्हवतं, गुडघ्याला हुतं. मी गावभर छातीला म्हणून सांगत सुटलो, आन् तुम्ही कधी एक शब्द काढला न्हाय. माझी लाज राखलासा."

सहा वर्षं, प्रत्येक लग्न, ती स्कूटर, सगळं आत भरमाच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि यशोदाबाईंना आयुष्यात एकच गोष्ट कधी सहन झाली नव्हती, ती म्हणजे चुकीची माहिती.

"गुडघ्याला कुठलं रं गुंडू?" त्या आतून म्हणाल्या. "पोटरीला हुतं. मला लुगडंसुद्धा वर धराय लागलं न्हाय."

पायरीवरून गुंडू मागच्या मागे कोसळला आणि स्वतःच्याच स्कूटरवर आदळला. दोन बायकांची दातखीळ बसली, टॉवेलवाले पुरुष उठून चार पावलं मागे गेले. भाग्यलक्ष्मीने पुढे होऊन कडी काढली. यशोदाबाई पोह्याची ताटली हातात घेऊन बाहेर आल्या तेव्हा इंदुताई त्यांच्या गळ्यात पडून अशी रडली की गेल्या असत्या तरी एवढी रडली नसती.

भरमाला त्या गोंधळात एकच विचारायचं होतं. त्याने बायकोला कोपऱ्यात घेऊन विचारलं की तुला हे माहीत होतं का. भाग्यलक्ष्मी म्हणाली की माहीत नसायला काय झालं, त्याच पाण्यातून सगळी गल्ली चालत गेली होती, रक्षा आठवीत होती तीसुद्धा. म्हणजे इतकी वर्षं गुंडू सांगत होता आणि ज्यांना सगळं ठाऊक होतं तेच माना डोलावत ऐकत होते.

"मग मला का न्हाय सांगितलीस?"

"तुम्हाला बरं वाटत हुतं की," ती म्हणाली. "गड्याला उचलून न्यायचं म्हणजे पाणी तेवढं नको व्हय?"

यावर विचार करायला भरमाला सवड मिळाली नाही. मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, आणि अशा वेळी रडत आलेल्यांनी तोंड गोड केल्याशिवाय जायचं नसतं, असा यशोदाबाईंनी हुकूम सोडला. एवढ्यात सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून इचलकरंजीच्या मावशीकडची माणसं टेम्पो भरून आली. ती रस्ताभर रडून उपाशी होती. गल्लीतल्या बायकांनी भरमाची पिंपं उघडली, तांदळाचं पोतं फोडलं, रवा भाजला, गूळ चिरला. शेणी चुलीत गेल्या. मडक्यांत पिण्याचं पाणी भरलं. कळक रोवून त्यावर पाच मीटर पांढरं कापड बांधलं, कारण ऊन फार होतं. चार महिन्यांत जमवलेली शिदोरी अडीच तासांत संपली. दाढीवाल्याच्या एकाही व्हिडिओत अशा आपत्तीचा उल्लेख नव्हता. पण पंगतीत शिरा वाढताना, मधोमध बसून सगळ्यांचे नमस्कार घेणारी आई बघून भरमा मनापासून सुखावला होता, हेही सांगितलं पाहिजे.

पाचच्या सुमाराला माग पुन्हा सुरू झाले. भरमा रिकामी पिंपं धूत होता, तिथे गुंडू आला. कोपर सोलपटलं होतं. तो म्हणाला की भरमा, मी चुकलो, आता ती गोष्ट परत कुठं काढणार नाही, तोंडसुद्धा उघडणार नाही.

भरमाच्या डोक्यावरचं सहा वर्षांचं ओझं उतरलं. तो सुटला होता. कोणाचंही देणं नाही, कोणापुढे मान हलवायची नाही. पिंपावरचा हात थांबवून तो या सुखाचा विचार करू लागला आणि विचार करता करता त्याचा चेहरा हळूहळू बदलला. पुढच्या महिन्यात निपाणीला इंदुताईच्या मुलीचं लग्न होतं. आज दारात दीडशे माणसं होती, त्यातली निम्मी त्या लग्नाला येणार. गुंडू गप्प बसेल, पण ती बसतील का? ती सांगणार की चांगला थोराड गडी, पोटरीएवढ्या पाण्यातून दुसऱ्याच्या पाठीवर बसून गेला, आणि म्हातारी आई बाजूने चालत होती. टायफॉईडची आठवण कोणाला राहणार?

"बंद कशाला करतोस?" भरमा म्हणाला. "सांगत जा की."

गुंडू गोंधळला. "आन् पाणी?"

भरमाने मागे वळून बघितलं. आई ऐकण्याच्या अंतरावर नव्हती. तरी त्याने आवाज खाली आणला.

"छातीलाच असू दे रं. उपकार होतील."

गुंडूने सोलपटलेलं कोपर चोळलं आणि जरा विचार केल्यासारखं केलं.

"बघूया की," तो म्हणाला.