गारवा समितीचे पौष्टिक कार्य

थंडीत वाढलेलं भांगेचं बी अधिक पौष्टिक असतं.

झेल्मामावशीची पाठ सकाळी सरळ होत नाही.

काळ्या पावावर भांगेचं बी कुटून केलेलं लोणी फासलं की डांबर फासल्यासारखं दिसतं.

‘शीत प्रदेशातील’ एवढं छापलं की राजधानी रीगाच्या दुकानात बियांची पिशवी वरच्या फळीवर जाते.

या गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, म्हणून आमच्या गावाने समिती नेमली. (ही नशेची भांग नव्हे. सभेत डुलक्या येतात त्या सभेमुळे.)

समितीचं शास्त्र सरळ होतं. गारठ्याने बियातलं तेल सुधारतं, म्हणजे ऊब ही भेसळ. गावातली ऊब मोजली तेव्हा एकतीस टक्के गाईंची निघाली आणि चार टक्के शेजाऱ्यांच्या विचारपुशीची (पूर्वी सहा होती). बाकी सगळी झेल्मामावशीच्या वाफेच्या न्हाणीघराची, जे शेताला लागूनच आहे.

विचारपूस बंद करणं सोपं गेलं. गाईंना समज दिली. न्हाणीघराला सील ठोकलं.

“अरे तालिवाल्दिस,” मावशी अध्यक्षांना म्हणाली, “शनिवारची वाफ नाही मिळाली तर माझी पाठ वाकते ती वाकतेच. मग उखळात लोणी कोण कुटणार?”

“कुटल्याने बी तापतं, मावशी. तेही बंदच करतोय.”

“आणि खायचं कसं?”

अध्यक्षांनी शांतपणे समजावलं की खाल्लेल्या बियात पोषण उरत नाही.

“तू याच न्हाणीघरात जन्मलास,” मावशी म्हणाली. “वाफ कमी पडली असणार.”

ऑगस्टपर्यंत ती इतकी वाकली की माणसं बुटांवरून ओळखू लागली. रीगाहून तपासनीस बाई आल्या, तेव्हा ती त्यांच्या बुटांना म्हणाली, “एक शनिवार तरी उघडून द्या हो.”

बाईंनी शेताचं तापमान घेतलं. अकरा अंश.

“पीक दिसत नाही.”

“थंडीत हळू वाढतं,” अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी ‘संयमी वाण’ असा शेरा मारून उत्तम श्रेणी दिली. सील कायम ठेवलं.

पिशव्या आता तुमच्याकडेही मिळतात. रोज सकाळी तुम्ही पिशवी दह्यावर झटकता आणि आठवड्यात फरक जाणवला म्हणून चारचौघांत सांगता. पिशवी हलकी आहे हेही तुमच्याच लक्षात आलं होतं. तुम्ही त्याला कमी उष्मांक म्हणालात.

पेरायचं बी न्हाणीघराच्या माळ्यावर होतं, आणि सील पेरणीच्या आधी लागलं.