लाल पट्टी
"मला चार महिने द्या, आमच्या बेटावरचं कोणतं छप्पर वादळात उडणार ते मी आधीच सांगून दाखवते!" राजधानीत, सुवात झालेल्या मुलाखतीत वासितीनं छाती ठोकून सांगितलं. विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाला असलेली ही पोरगी. लहानपणी दोनदा तिच्या डोक्यावरचं छप्पर समुद्रात गेलेलं. परदेशी संस्थेला ती आवडली. संशोधनासाठी पैसे मंजूर झाले. अट एकच. संस्थेच्या बाई म्हणाल्या, "हा निधी अभ्यासाचा आहे. बांधकामासाठी यातून एक खिळाही घ्यायचा नाही हं!"

वासितीला वाटलं, आधी अभ्यास तर होऊ दे. खिळे मग सरकार देईलच. वय वर्षं बावीस!

मालवाहू बोटीतून दोन दिवस ओकत ती आपल्या यानुवा बेटावर पोचली. गावात घरं अडतीस. तिनं प्रत्येकाच्या छपरावर चढून वासे हलवून पाहिले, स्क्रू मोजले आणि दारावर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. हिरवी म्हणजे भक्कम, पिवळी म्हणजे धाकधूक, लाल म्हणजे उडालंच समजा! रविवारी चर्चमध्ये तिनं हे नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी यांगोना पिण्याच्या बैठकीत गावाचे प्रमुख पेनायामामा, म्हणजे तिचे सख्खे मामा, यांनी तेच पुन्हा समजावलं. "लाल म्हणजे गंभीर. गंभीर म्हणजे मदत. परदेशातून छपराचे पत्रे येणार ते आधी कोणाला? लालवाल्यांना!"

झालं! सकाळी उनाइसीआत्या कंबरेवर हात ठेवून दारात हजर.

"सख्ख्या आत्याला हिरवी? आणि त्या आळशी एमोसीला लाल?"

"अगं आत्या, तुझं घर गावात सगळ्यात मजबूत आहे. हिरवी म्हणजे शाबासकी!"

"मग शाबासकी ठोकू का पत्र्यांवर?"

आत्याच्या मागे अकरा हिरवेवाले रांगेत उभे होते. एकाला हिरव्या पट्टीत भावकीतलं जुनं भांडण दिसत होतं, दुसऱ्याला अपमान. सगळ्यांची मागणी एक: फेरतपासणी! वासिती पुन्हा छपरांवर चढली आणि चक्रावली. मागच्या आठवड्यात घट्ट असलेले पत्रे आता हलत होते.

"मामा, इथले सहा स्क्रू कुठे गेले?"

"गंजून पडले."

"गंजून तुमच्या खिशात पडले?"

मामा पाठ फिरवून चालू लागले. खिसा मात्र खुळखुळत होता.

वासितीनं हात जोडले, आरडाओरडा केला, शेवटी चिडून सगळ्या पट्ट्या फाडून टाकल्या. त्यानं तर आगीत तेलच पडलं. "पट्ट्या काढल्या म्हणजे यादी सुवाला चालली," असं मामांनी जाहीर केलं आणि उरलेल्यांनीही घाईघाईनं पाने-पकडी काढल्या. तिनं संस्थेच्या बाईंना फोन लावला. "निदान स्क्रू घ्यायची परवानगी द्या हो. लोक छपरं सैल करतायत!" बाई हळहळल्या. पण नियम तो नियम.

नाताळनंतर वादळ आलं. तेही कसलं? नाव द्यायलाही लाज वाटावी असं मरतुकडं! सगळं गाव चर्चच्या सिमेंटच्या भिंतींआड बसलं, म्हणून जीव वाचले. बाहेर आले तेव्हा अडतीसपैकी एकतीस छपरं गेली होती.

उनाइसीआत्याचं छप्पर तारोच्या, म्हणजे अळूसारख्या कंदाच्या, वाफ्यात उलटं पडलं होतं. त्याच्या शेजारी ती चिखलातच बसली होती.

"माझ्या माणसानं बांधलं होतं गं," ती म्हणाली. "चार वादळं काढली या छपरानं. प्रत्येक वाशाला तार आवळली होती. त्या तारा मीच कापल्या."

वासिती नुसती शेजारी बसली.

अहवालात तिनं एक अक्षर लपवलं नाही. चूक आपली, पट्ट्यांनीच गावाचा घात केला, असं स्पष्ट लिहिलं. आता पदवी गेली, या तयारीनं ती उत्तराची वाट पाहत बसली. उत्तर आलं: "हार्दिक अभिनंदन! लाल पट्टीची सर्व घरं उडाली, म्हणजे आपला अंदाज शंभर टक्के खरा ठरला. हिरव्या घरांचं वर्तन विशेष उद्बोधक आहे. दुसऱ्या टप्प्यासाठी निधी मंजूर. विषय: वादळापूर्वी बेटवासी निष्काळजी का राहतात?"

वासितीनं फोनवर किंचाळायचंच बाकी ठेवलं. "निष्काळजी? दोन-दोन दिवस खपून स्क्रू काढलेत लोकांनी! पैसे द्यायचेच आहेत तर पत्रे द्या!"

"मी समजू शकते," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "पण हा निधी अभ्यासाचा आहे."

ती नकार कळवणार होती. आत्यानंच अडवलं. "मूर्ख आहोत असं लिहायचंय ना? लिही की! बोटीचं भाडं ते भरतायत. येताना तुझ्या सामानातून स्क्रू आण."

खाणावळीचे पैसे वाचवून वासितीनं दोन पिशव्या स्क्रू आणले. पत्रे अजून कोणीच पाठवले नव्हते. मग ती ताडपत्रीखाली आत्यासमोर प्रश्नावली घेऊन बसली. छापील कागद, वर संस्थेचं बोधचिन्ह, एकूण बासष्ट प्रश्न.

"प्रश्न पहिला," ती खाली मान घालून वाचू लागली. "आपल्या सध्याच्या छपराबद्दल आपलं मत काय?"

आत्यानं फाटक्या ताडपत्रीतून वर आभाळाकडे पाहिलं.

"लिही," ती म्हणाली, "हवेशीर आहे."